वाचकांचे प्रश्न : सीईटीच्या गणिताला वेळ का पुरत नाही?

प्रश्न : मुलगी बारावी विज्ञानला आहे आणि इंजिनिअरिंगसाठी एमएचटी-सीईटी देणार आहे. बोर्डाचं गणित तिला जमतं, पण सराव पेपरात ५० पैकी ३७-३८ प्रश्नांपर्यंतच पोचते. वेग कसा वाढवायचा?
– एक पालक

उत्तर : वेगापेक्षा क्रम तपासा. गणिताला ९० मिनिटं आणि ५० प्रश्न, म्हणजे प्रश्नामागे १०८ सेकंद. ओळीने सोडवताना तीन प्रश्नांत पाच-पाच मिनिटं अडकली की शेवटचे पाच-सहा प्रश्न गेलेच, आणि त्यांतले काही अगदी सोपे असतात. बोर्डात अर्ध्या पायऱ्यांनाही गुण मिळतात, त्यामुळे हातातलं उदाहरण टाकून पुढे जाववत नाही. इथे अर्धवट उदाहरणाला शून्य. सोप्यालाही दोन गुण, अवघडालाही दोनच.

पेपर तीन फेऱ्यांत सोडवू द्या. पहिली साधारण ४५ मिनिटांची : प्रश्न वाचून वीस-तीस सेकंदांत वाट दिसली तरच पेन उचलायचं, नाहीतर संगणकावर रिव्ह्यूची (नंतर पाहायची) खूण करून पुढे. लॉजिक, मॅट्रिक्स, एलपीपी (लिनिअर प्रोग्रॅमिंग), बायनोमियल डिस्ट्रिब्युशन यांतले बरेच प्रश्न इथेच संपतात. दुसऱ्या फेरीत, ३५ मिनिटांत, वाट दिसते पण आकडेमोड लांब आहे असे प्रश्न. उरलेल्या दहा मिनिटांत राहिलेले, आणि शेवटची तीन मिनिटं फक्त रिकाम्या जागा भरायला. सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडणं म्हणजे निव्वळ तोटा. दहा प्रश्न आंधळेपणाने भरले तरी सरासरी पाच गुण पडतात. दोन पर्याय आधी खोडता आले तर दहा.

वेळ खाणारी दुसरी सवय म्हणजे सगळं सरळ मार्गाने सोडवणं. शून्य ते पाय (π) भागिले दोन या मर्यादांचं इंटिग्रल आहे, वर साइन, खाली साइन अधिक कॉस. सब्स्टिट्यूशन करत बसलं तर तीन मिनिटं जातात. मर्यादांचा गुणधर्म वापरला (x च्या जागी π/2 − x) की साइनच्या जागी कॉस येतो, दोन्ही रूपांची बेरीज एक होते, दुप्पट उत्तर पाय भागिले दोन, म्हणून उत्तर पाय भागिले चार. वीस सेकंदांचं काम. रेषेचं समीकरण विचारलं असेल तर दिलेला बिंदू आधी चारही पर्यायांत घालून पाहायचा. डिफरन्शियल इक्वेशनमध्ये सुरुवातीची अट दिली असेल तर तीही तशीच. बऱ्याचदा दोन पर्याय तिथेच गळतात.

कच्च्या कागदावर प्रश्नक्रमांक लिहून चौकट आखावी. दुसऱ्या फेरीत परतल्यावर अर्धी आकडेमोड शोधण्यात मिनिट जातं ते वाचतं. आणि उत्तर सेव्ह केल्याशिवाय दुसऱ्या प्रश्नाच्या आकड्यावर क्लिक करू नये; नुसता पर्याय निवडलेला राहून उत्तर नोंदलंच जात नाही, असं होऊ शकतं.

एक राहिलं : अकरावीचे प्रश्न सुमारे २० टक्के, म्हणजे दहा असतात. फेब्रुवारीपर्यंत बोर्डाच्या नादात वर्तुळ, सरळ रेषा, त्रिकोणमिती यांची सूत्रं विसरलेली असतात, आणि सूत्र आठवण्यात जाणारा वेळ कुठल्याच युक्तीने भरून निघत नाही.

प्रश्न : फिजिक्स-केमिस्ट्री लवकर संपवून तो वेळ गणिताला वापरता येईल का? आणि जेईई मेनलाही हीच पद्धत चालेल?
– बारावीचा विद्यार्थी

उत्तर : सीईटीत नाही. पहिली ९० मिनिटं फिजिक्स-केमिस्ट्रीची, गणिताचा भाग त्यानंतरच उघडतो. तिथे उरलेला वेळ तिथेच तपासणीला वापर.

जेईई मेनमध्ये तीन तास तिन्ही विषयांत हवे तसे वाटता येतात, त्यामुळे गणिताला ७० मिनिटं काढून ठेवणं शक्य आहे. फेऱ्यांची पद्धत तीच, फक्त शेवटची तीन मिनिटं वेगळी : बरोबरला चार, चुकीला उणे एक. चारही पर्याय अनोळखी असतील तर सरासरी पाव गुण हाती लागतो, त्यासाठी धोका पत्करू नकोस. दोन खोडता आले तर जरूर भर. संख्यात्मक उत्तराच्या प्रश्नांत मात्र अंदाज नकोच, तिथे खोडायला पर्यायच नसतात.