हजारो वर्षं टिकलेली ममी म्युझियममध्ये येऊन खराब का होते? आणि समजा कोकणात ठेवली तर?

ममी म्हणजे सुकवलेलं शरीर. त्यातलं पाणी गेलं म्हणून सडणं थांबलं, इतकंच. पाणी परत मिळालं की थांबलेलं काम पुन्हा सुरू होतं.

मी मालवणची. आजी खारे बांगडे बरणीत भरून ठेवायची. मे महिन्यात लाकडासारखे खडखडीत असलेले बांगडे आषाढात बाहेर काढले की बोटांना चिकट खारं पाणी लागायचं, कल्ल्यांपाशी पांढरी बुरशी दिसायची. मीठ हवेतली ओल ओढून घेतं. इजिप्तमध्ये मृतदेह नेट्रॉन या क्षारात साधारण ४० दिवस सुकवत. अंगात मुरलेला तो क्षार दमट हवेत हेच करतो. सुक्या मासळीला लागणाऱ्या किड्यांचे भाऊबंदसुद्धा ममींमध्ये सापडलेत.

पण माझा जीव अडकलाय तो चिलीतल्या आरिकाच्या चिंचोरो ममींमध्ये. समुद्रावर जगणारी ही माणसं ७००० वर्षांपूर्वी, म्हणजे इजिप्तच्याही कितीतरी आधी, आपली मेलेली तान्ही मुलं काठ्या, गवत आणि माती वापरून पुन्हा घडवत. चेहऱ्यावर मातीचा मुखवटा लिंपत. (स्पॅनिशमध्ये चिंचोरो म्हणजे ओढायचं जाळंही, आपली रापणच की!) यातल्या काही ममींची कातडी अलीकडे काळी पडून चिकट, ओघळती झाली. हार्वर्डच्या संशोधकांनी २०१५ साली कारण सांगितलं: आपल्या सगळ्यांच्या त्वचेवर असतात तसलेच जिवाणू. हवेत ओल वाढली की ते ती कातडी खाऊ लागतात. कुणा आईबापांनी हातांनी लिंपलेलं ते लेकरू असं ओघळताना बघवत नाही. आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांत ठेवा, असं संशोधकांनी सुचवलं.

आल्प्सच्या बर्फात सापडलेल्या ओट्झी या प्राचीन माणसाच्या देहाला मात्र उणे ६ अंश आणि जवळजवळ ९९ टक्के आर्द्रता लागते, कारण तो सुकलेला नाही, गोठलेला आहे.

आता कोकण. इथे जुलैत आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास असते. दिवसा एसी आणि रात्री बंद, हे सगळ्यात वाईट. कातडी, कापड, लेप कमीजास्त फुगतात, आकसतात आणि एकमेकांपासून सुटतात. पहिल्या पावसात वीज जाणाऱ्या गावात मी तरी एसीवर विसंबणार नाही. हवाबंद काचपेटी, तळाशी ओल शोषून घेणाऱ्या सिलिका जेलचे ट्रे, आत आर्द्रतामापक, आणि रोज आकडा बघून वहीत लिहिणारं एक माणूस. आकडा चढू लागला की जेल बदलायचं.