इंटरॅक्शन डिझाइनमध्ये एम.डेस. करताना दिवस कसे जातात?

तुम्ही विचारलंय की इंजिनिअरिंग झालंय, चित्रकला यथातथाच आहे, तर इंटरॅक्शन डिझाइनला, म्हणजे माणसं ॲप किंवा यंत्रं कशी वापरतील ते आखण्याच्या शिक्षणाला, जावं का आणि तिथले दिवस कसे असतात. पवईला आयआयटी मुंबईच्या आयडीसीमध्ये, म्हणजे तिथल्या डिझाइन विभागात, मी एम.डेस.ची (मास्टर ऑफ डिझाइन) दोन वर्षं काढली, त्यावरून सांगतो.

चित्रांची धास्ती घेऊ नका. सीड या प्रवेश परीक्षेच्या दुसऱ्या भागात हाताने रेखाटावं लागतं, त्यामुळे सराव हवाच. पण पुढे कामाला येतं ते चार चौकोन आणि दोन बाण काढून आपली कल्पना समोरच्याच्या गळी उतरवणं. ते जमतं.

स्क्रीन रंगवण्यात मात्र फार थोडा वेळ जातो. माझा एक प्रकल्प महिला बचत गटाच्या हिशेबाचा होता. जुन्नर तालुक्यातल्या एका गावात एकदा जाऊन आलो, मुलाखती घेतल्या आणि महिनाभर खपून ॲप आखलं. एका वेळी एकाच सदस्येचं नाव, रक्कम भरायची, पुढे जायचं. मला ते फार सुटसुटीत वाटत होतं. ज्युरीत, म्हणजे शिक्षकांसमोर काम मांडताना, पहिलाच प्रश्न आला, "बैठक चालू असताना किती वेळा बसलास?" एकदाही नाही. त्या रात्री झोप लागली नाही.

पुढच्या बैठकीला गेलो आणि कोपऱ्यात नुसता बसून राहिलो. खजिनदार मावशींच्या मांडीवर लांबट वही होती. त्या पानावरून बोट खाली सरकवत नेत आणि रिकामा रकाना आला की मान वर करून त्या बाईकडे बघत. कोणाचे पैसे यायचेत हे आख्खं पान एका नजरेत सांगत होतं. समासात बारीक अक्षरात लिहिलेलं, "पुढच्या महिन्यात दोन हप्ते देणार." माझ्या ॲपमध्ये ना ते पान होतं, ना तो समास. मग मावशींच्या हातात फोन दिला. 'जमा करा' या बटणावर त्यांचा अंगठा थबकला. "आता माझ्या खात्यातले पैसे जातील का रे?" त्या बटणावर मी 'नोंद करा' लिहिलं आणि आख्खी यादी एकाच पानावर आणली. तेही आधी कागदावर, पेन्सिलीने.

बाकी दिवस टिपणांच्या चिकट चिठ्ठ्या भिंतीवर लावण्यात, त्या पुन्हा पुन्हा हलवण्यात आणि वाचनात जातात. फिट्सचा १९५४ सालचा नियम तिथेच शिकलो: लक्ष्य जितकं लहान आणि लांब, तितका हात पोचायला वेळ लागतो. मावशींचा अंगठा पाहिल्यावर बटणं मोठी का हवीत हे कोणी वेगळं सांगावं लागलं नाही. रात्रीची जागरणं होतात, पण ती कुठेही होतात.

आपल्या भाषेसाठी केवढं काम करता येतं, हेही तिथे कळलं. आयडीसीतच तयार झालेला 'स्वरचक्र' कीबोर्ड वापरून बघा. 'क'वर बोट ठेवलं की भोवती का, कि, की असं चक्र उघडतं. बाराखडी आपल्याला पाठच असते, त्यामुळे नवं काही घोकावं लागत नाही.

सीडचा फॉर्म भरायच्या आधी एक करा. जवळच्या एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीपाशी तासभर उभे राहा आणि बोर्डावर वेळ लिहिलेली असूनही लोक काय विचारतात ते वहीत उतरवून घ्या. तो तास कंटाळवाणा वाटला नाही, तर बिनधास्त या.