एमएमकॉन्फिग असतानाही लिनक्स कर्नल सीएफ८/सीएफसी हे जुने पोर्ट का वापरतो?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: पीसीआय एक्सप्रेसमध्ये (कार्ड आणि चिप जोडणारा मार्ग) मेमरीतून कॉन्फिगरेशन वाचायची सोय, म्हणजे एमएमकॉन्फिग, असताना एक्स८६वर लिनक्स जुन्या पोर्टांना का धरून आहे, आणि एलएसपीसीआयला (पीसीआय डिव्हाइसची यादी दाखवणारी कमांड) पूर्ण डंप द्यायला सुडो, म्हणजे अ‍ॅडमिनचे अधिकार, का लागतं. दोन्हींचं मूळ एकच. कॉन्फिगरेशन स्पेसला, म्हणजे डिव्हाइसची ओळख आणि सेटिंग ठेवणाऱ्या रजिस्टरांना, हात लावणं दिसतं तितकं निरुपद्रवी नाही.

जुना मार्ग दोन टप्प्यांचा. सीएफ८वर पत्ता लिहायचा, मग सीएफसीवरून डेटा उचलायचा. बस ०, डिव्हाइस ३१, फंक्शन ० चं पहिलं रजिस्टर हवं असेल तर पत्ता होतो ८०००एफ८०० (इथले सगळे पत्ते हेक्समध्ये). इंटेलच्या बऱ्याच मशीनवर तिथे ८०८६ हा व्हेंडर आयडी मिळतो. डिव्हाइसच नसेल तर सगळे बिट १ येतात. मधल्या क्षणी दुसऱ्या कोअरने सीएफ८ बदललं, तर तुम्ही भलत्याच डिव्हाइसचं रजिस्टर वाचाल, किंवा त्यात लिहून बसाल. म्हणून कर्नल इंटरप्ट बंद करून स्पिनलॉक (एका वेळी एकाच कोअरला आत सोडणारा लॉक) घेतो आणि मगच दोन्ही टप्पे उरकतो. युजरस्पेसमधून थेट पोर्टवर लिहिणाऱ्या प्रोग्रामला हा लॉक मिळत नाही. तसं कृपया करू नका.

एमएमकॉन्फिगमध्ये हे झंझट नाही. फर्मवेअरने दिलेल्या एसीपीआयच्या एमसीएफजी टेबलमधून मूळ पत्ता मिळतो, प्रत्येक फंक्शनला ४ केबी, २५६ बससाठी २५६ एमबी. वरच्याच डिव्हाइसचा ऑफसेट एफ८०००, आणि एका लोडमध्ये काम झालं.

मग अडलं कुठे? बीएआरचं माप घेताना. बीएआर म्हणजे डिव्हाइसच्या मेमरी पट्ट्याचा पत्ता ठेवणारं रजिस्टर. माप घ्यायला कर्नल बीएआरमध्ये सगळे बिट १ लिहितो आणि परत काय येतं ते पाहतो. समजा, ग्राफिक्स कार्डाचा बीएआर २५६ एमबीचा आहे. तेवढ्या क्षणापुरतं ते कार्ड एफ००००००० पासून ४ जीबीपर्यंतचे पत्ते आपलेच समजू शकतं. एमएमकॉन्फिगची खिडकी त्याच पट्ट्यात असली, तर मूळ किंमत परत लिहायला निघालेला अ‍ॅक्सेस कार्डाकडे जातो आणि मशीन जागच्या जागी गोठतं. पोर्टांना हा धोका नाही. म्हणून २००८च्या सुमारास ठरलं की पहिले २५६ बाइट पोर्टांतून, पुढचे एमएमकॉन्फिगमधून. आता माप घेताना मेमरी डीकोडिंग (डिव्हाइसने मेमरी पत्त्यांना उत्तर देणं) बंद ठेवतात, पण होस्ट ब्रिजना (प्रोसेसरला पीसीआयशी जोडणारे भाग) त्यातून मुद्दाम वगळलंय. हा नियम जुनाट वाटतो, पण माझ्या मते तो अगदी योग्य आहे.

सुडोचं कारणही याच जातीचं. काही चिप न ठरवलेली रजिस्टरं नुसती वाचली तरी अडकून पडतात. त्यामुळे साध्या युजरला बहुतेक डिव्हाइसचे पहिले ६४ बाइटच दिसतात.

ड्रायव्हर लिहीत असाल तर यातला मार्ग स्वतः निवडू नका. पीसीआय_रीड_कॉन्फिग_डीवर्ड वापरा आणि सगळे बिट १ आले का ते तपासा. बूटला पीसीआय=नोएमएमकॉन्फ दिलं असेल, तर १०० हेक्सच्या (म्हणजे पहिल्या २५६ बाइटांच्या) पुढचं सहसा काहीच मिळणार नाही. एरर रिपोर्टिंगची कॅपॅबिलिटी गायब दिसली की आधी कर्नलची कमांड लाइन बघा.