जुना स्टिरिओ बदलण्याआधी

सगळा सेट एकदम काढू नका. आधी स्पीकरची जाळी काढून वूफरच्या (जाड, खालच्या आवाजाच्या मोठ्या स्पीकरच्या) कडेची फोमची रिंग बोटाने हलकेच दाबून बघा. तिचा भुगा बोटाला चिकटला, तर आवाज फाटतोय तो तिथेच. वूफरचा कोन (मधला शंकू) शाबूत असेल तर नुसती रिंग बदलता येते, आणि जुने चांगले स्पीकर खरंच वाचवण्यासारखे असतात! व्हॉल्यूम फिरवताना होणारी खरखर बहुधा धुळीची. कॉन्टॅक्ट क्लीनरने (विजेचे जोड साफ करायच्या स्प्रेने) जाते. सतत घुंss येत असेल तर अँप्लिफायर जाणकाराला दाखवा. स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) चार्ज राहतो.

नवीन घ्यायचंच ठरलं, तर पहिला पैसा स्पीकरवर घाला. मात्र ओहम (स्पीकर विजेला किती अडवतो त्याचं माप) जुळतात का तेही बघा: किमान 8 ओहम लिहिलेल्या अँप्लिफायरला 4 ओहमचे स्पीकर जोडले की तो तापतो.