सहा योजना, एकच रेषा

नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात काम करणाऱ्या एका वाचकांनी विचारले आहे की, गाडी पेट्रोलची घ्यावी की सीएनजीची. त्यांचे वय 44 असून मुलगी अकरावीत आहे. ओव्हरटाइमचे 9 हजार धरून हातात महिना 62 हजार रुपये येतात. घरखर्चाला 45 हजार, सहा म्युच्युअल फंड योजनांच्या एसआयपीला (दरमहा ठरावीक रकमेच्या गुंतवणुकीला) 12 हजार आणि युलिपच्या (विमा आणि बाजारातील गुंतवणूक एकत्र असलेल्या पॉलिसीच्या) हप्त्यापोटी सरासरी 5 हजार जातात, म्हणजे शिल्लक शून्य. फंडांत 9 लाख गुंतवले होते, त्यांचे आज 14 लाख झाले आहेत. याखेरीज 3 लाखांची मुदत ठेव आहे, ती मोडून गाडीसाठीची सुरुवातीची रक्कम भरायची आणि उरलेल्या 7 लाखांचे कर्ज घ्यायचे, असा त्यांचा बेत आहे.

विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते दहावीच्या बीजगणिताइतके सरळ आहे. तुमच्याच आकड्यांनुसार पेट्रोलची गाडी 9 लाख 5 हजारांना पडते आणि लिटरला 18 किलोमीटर धावते. पेट्रोल 104 रुपये धरले, तर किलोमीटरला 5.80 रुपये लागतात. सीएनजीची गाडी 10 लाखांची आहे, किलोला 25 किलोमीटर धावते आणि वायूचा भाव 90 रुपये धरल्यास किलोमीटरला 3.60 रुपये लागतात. म्हणजे x किलोमीटरच्या एकूण खर्चाच्या एका रेषेचे समीकरण 9,05,000 + 5.8x आणि दुसरीचे 10,00,000 + 3.6x असे होते. 95 हजारांच्या फरकाला 2.20 ने भागले की 43 हजार किलोमीटर येतात, आणि महिन्याला हजार किलोमीटरच्या तुमच्या वापराने त्याला साडेतीन वर्षांहून थोडा अधिक काळ लागतो. हा फरक कर्जातून भरणार असल्यामुळे त्यावरचे व्याज मिळवले, तर साडेचार वर्षे धरावीत. गाडी आठ वर्षे ठेवणार असाल, तर सीएनजी घ्यावी. सामान ठेवायला जागा मात्र कमी मिळेल.

येथे समीकरण चालते, कारण रेषेचा चढ ठरलेला आहे: पहिला किलोमीटर आणि चाळीस हजारावा किलोमीटर यांना जवळपास तेवढेच इंधन लागते, आणि भाव बदलले तरी बदललेला आकडा घालून पुन्हा भागाकार करता येतो.

आता पत्रातल्या त्या ओळीकडे वळतो, जिच्याविषयी तुम्ही काहीच विचारलेले नाही. तुम्ही लिहिता, ‘फंडांवर वर्षाला 15 टक्के मिळतात, म्हणजे 14 लाखांवर महिना साडेसतरा हजार, त्यातून साडेचौदा हजारांचा हप्ता परस्पर जाईल आणि मुद्दल तसेच राहील. शिवाय पैसे सहा योजनांत असल्याने धोका एक षष्ठांश आहे.’ या दोन वाक्यांपुढे गाडीचा प्रश्न अगदीच किरकोळ आहे.

पहिले वाक्य पाहू. तुम्ही 14,00,000 + 17,500x (येथे x म्हणजे महिने) अशी रेषा आखली आहे, पण बाजाराच्या रेषेला असा ठरलेला चढ नसतो. 2020 हेच वर्ष घ्या. वर्षअखेर निफ्टी, म्हणजे 50 मोठ्या कंपन्यांच्या शेअरांचा निर्देशांक, साधारण 15 टक्क्यांनी वर होता, म्हणजे नेमका तुमचा आकडा. परंतु त्याच वर्षी 14 जानेवारीला 12,362 वर बंद झालेला निफ्टी 23 मार्चला 7,610 वर आला होता, म्हणजे सव्वादोन महिन्यांत 38 टक्के घसरण झाली होती. त्या मार्चमध्ये तुमच्या 14 लाखांचे 8 लाख 70 हजार झाले असते. हप्त्यांचे वर्षाचे पावणेदोन लाख त्यातून काढणे म्हणजे उरलेल्या रकमेचा पाचवा हिस्सा दरवर्षी विकणे, आणि तोही पडत्या भावाने. विकून टाकलेली युनिट्स बाजार सावरल्यावर परत येत नाहीत. 2020 मध्ये बाजार नोव्हेंबरपर्यंत सावरला. 2008 च्या जानेवारीत 21 हजारांजवळ गेलेल्या सेन्सेक्सला मात्र तिथे परतायला नोव्हेंबर 2010 उजाडले. बँकेचा हप्ता तेवढा काळ थांबत नाही.

दुसरे वाक्य अधिक घातक आहे, कारण ते शहाणपणासारखे दिसते. धोका विभागला जाणे हे योजनांच्या संख्येवर नव्हे, तर त्यांच्यातल्या सहसंबंधावर ठरते. दोन गोष्टी सदैव एकाच दिशेने, एकाच प्रमाणात हलत असतील तर सहसंबंध गुणांक 1, एकमेकींशी ताळमेळ नसेल तर 0, आणि नेमक्या उलट हलत असतील तर उणे 1 असतो. हॅरी मार्कोविट्झ यांनी 1952 मध्ये गुंतवणुकीच्या संदर्भात हे गणित मांडले आणि 1990 मध्ये त्यांना त्यासाठी अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले; पण योजना विकणाऱ्यांपर्यंत ते अजून पोहोचलेले दिसत नाही. तुमच्या यादीत दोन लार्ज कॅप (मोठ्या कंपन्यांचे), एक फ्लेक्सी कॅप (लहानमोठ्या सर्व कंपन्यांचा), एक निफ्टी निर्देशांक फंड (निफ्टीतल्याच कंपन्यांचा), एक फोकस्ड फंड (मोजक्या कंपन्यांचा) आणि एक कर बचतीचा ईएलएसएस आहे. नावे सहा असली, तरी बहुतेकांच्या तळाशी त्याच मोठ्या बँका आणि त्याच माहिती तंत्रज्ञान कंपन्या असतात. एकाच विहिरीवर सहा मोटा लावल्या म्हणून पाणी सहापट होत नाही.

आकड्यांत सांगायचे, तर प्रत्येक योजनेची वार्षिक चढउतार, म्हणजे प्रमाणित विचलन, 18 टक्के आणि आपसातला सहसंबंध 0.95 धरा. सहा योजना मिळून ती चढउतार साधारण 17.6 टक्के होते, म्हणजे अर्धा टक्कासुद्धा कमी होत नाही. सहसंबंध शून्य असता, तरी ती सव्वासात-साडेसातच्या आसपास राहिली असती. तुमच्या एक षष्ठांशाच्या हिशेबाने येणारे 3 टक्के त्याही स्थितीत आले नसते.

सातवी गुंतवणूक युलिपची. ‘विमा असल्याने बाजार पडला तरी सुरक्षित’ असे सांगून ती बँकेतून तुमच्या गळ्यात मारली गेली, आणि तिचे पैसे मात्र ब्लू-चिप, म्हणजे मोठ्या नावाजलेल्या कंपन्यांच्या, शेअरांच्या फंडात आहेत. वर्षाला 60 हजार भरून 6 लाखांचे विमा संरक्षण मिळते, जे घेऊ पाहत असलेल्या कर्जालाही पुरणार नाही. अशा विक्रीला सल्ला म्हणणे मला जमत नाही.

आठवी गोष्ट तुमच्या यादीत नाही, ती म्हणजे तुमची नोकरी. वाहनांची मागणी घटली की सुट्या भागांच्या कारखान्यात सर्वप्रथम ओव्हरटाइम बंद होतो, आणि अशी मंदी पुष्कळदा शेअर बाजाराच्या पडझडीसोबतच येते. 2020 च्या टाळेबंदीत कारखाने बंद होते, तेव्हाच फंडही तळाला होते. पगार, फंड आणि युलिप एकाच वेळी खाली येणार, आणि त्यांच्याशी सहसंबंध नसलेली तुमच्याकडची एकमेव वस्तू म्हणजे ती 3 लाखांची मुदत ठेव. नेमकी तीच मोडायला तुम्ही निघाला आहात. मुलीच्या अभियांत्रिकीचे वसतिगृहासह वर्षाला 3 लाख तुम्ही धरले आहेत. महाविद्यालय निफ्टी पाहून शुल्क घेत नाही.

म्हणून 10 लाखांची गाडी आता घेऊ नये. मुदत ठेवीला हात लावू नये. ती तुमच्या सहा महिन्यांच्या खर्चाची सोय आहे. गाडी अगदी हवीच असेल, तर एसआयपी निम्मी करून महिना पाच-सहा हजारांच्या हप्त्यात बसेल अशी जुनी गाडी पाहावी, आणि वरचाच भागाकार नव्या आकड्यांनी करावा.

पहिल्या दोन वर्षांच्या शुल्काचे 6 लाख फंडांतून काढून मुदत ठेवीत ठेवावेत, पण एकदम काढू नयेत. शेअरांच्या फंडांवरील दीर्घ मुदतीच्या नफ्यात वर्षाला सव्वा लाखापर्यंत कर नाही, त्यापुढे 12.5 टक्के आहे. 31 मार्चपूर्वी 3 लाख आणि एप्रिलमध्ये 3 लाख, असे दोन आर्थिक वर्षांत काढले, तर सरासरीने प्रत्येक वेळी नफा लाख-सव्वा लाखाच्या आत बसतो. जुनी युनिट्स आधी विकली जातात, त्यामुळे तो थोडा अधिक निघू शकतो. म्हणून आधी नफ्याचे विवरणपत्र मागवून रक्कम ठरवावी. उरलेल्या रकमेसाठी सहांऐवजी एक निर्देशांक फंड पुरेसा आहे. ईएलएसएसचा प्रत्येक हप्ता तीन वर्षे अडकलेला असतो, तो मोकळा होईल तसा वळवावा.

युलिपला तीन वर्षे झाली आहेत आणि पाच वर्षांपूर्वी पैसे हाती येणार नाहीत. पण त्याच पॉलिसीत शेअरांच्या फंडातून रोख्यांच्या फंडात जाता येते आणि त्या बदलावर कर लागत नाही. तेवढा अर्ज या आठवड्यात द्यावा. पाच वर्षे पूर्ण झाल्यावर ती बंद करावी. शुद्ध मुदत विमा, म्हणजे गुंतवणूक नसलेला निव्वळ आयुर्विमा, मात्र आताच, युलिप चालू असतानाच घ्यावा.

(वरील उत्तर पत्रातील माहितीवर आधारलेले आहे.)