‘साठवली जाते’ की ‘साठवण्यात येते’?

फाइल सिस्टिमच्या, म्हणजे डिस्कवर फाइली ठेवणाऱ्या यंत्रणेच्या, माहितीपुस्तिकेतलं एक वाक्य तपासायला आलं आहे: ‘राइट (प्रोग्रॅमने माहिती लिहायला दिलेली आज्ञा) यशस्वी झाल्यावर माहिती डिस्कवर साठवली जाते.’ इथे ‘साठवण्यात येते’ हवं का, असा प्रश्न आहे.

व्याकरणाने दोन्ही चालतील. ‘-ण्यात येते’ला सरकारी परिपत्रकाचा वास येतो, म्हणून मी ‘साठवली जाते’च ठेवलं असतं. पण या वाक्याची खरी अडचण वेगळीच आहे: ते खरं नाही.

लिनक्समध्ये राइट यशस्वी होतं तेव्हा माहिती सहसा फक्त कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) पेज कॅशमध्ये, म्हणजे मेमरीत, गेलेली असते. डिस्कवर ती मागाहून उतरते. मूळ सेटिंगनुसार मेमरीतली बदललेली पानं (मेमरीचे ठराविक आकाराचे तुकडे) ३० सेकंद जुनी झाली की डिस्कवर लिहायला निघतात. मधल्या वेळात वीज गेली तर ती माहिती गेली. मराठीत ‘-ल्यावर’नंतर साधा वर्तमानकाळ आला की पहिलं झालं म्हणजे दुसरं झालंच, असं आपण वाचतो. शिवाय हा काळ सवयही सांगतो (‘बस दहाला येते’) आणि नियमही सांगतो (‘सूर्य पूर्वेला उगवतो’). प्रोग्रॅमरला मात्र नेमकं हेच कळायला हवं असतं, की ही हमी आहे की नुसता प्रघात.

हा फरक किती महागात पडतो ते २००९ साली दिसलं. एक्स्ट३ या लिनक्सच्या जुन्या फाइल सिस्टिमच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये नवा मजकूर साधारण पाचेक सेकंदांत डिस्कवर जाई, त्यामुळे अनेक प्रोग्रॅम एफसिंक (माहिती लगेच डिस्कवर उतरवायला लावणारी आज्ञा) न करताच निभावून नेत. तिच्या जागी आलेल्या एक्स्ट४ने डिस्कवरची जागा ठरवणं लांबणीवर टाकलं आणि मशीन अचानक बंद पडल्यावर लोकांना सेटिंगच्या फाइली शून्य बाइटच्या सापडू लागल्या. पुढे कर्नल २.६.३०मध्ये यासाठी खास सोय करावी लागली. प्रघातालाच लोकांनी हमी मानलं होतं!

म्हणून मी असं लिहीन: ‘राइट यशस्वी झालं, म्हणजे माहिती कर्नलने ताब्यात घेतली. ती डिस्कवर नंतर उतरते. लगेच उतरायला हवी असेल, तर एफसिंक करा आणि ते यशस्वी झालं का ते तपासा.’ ‘ताब्यात घेतली’ इथे फार मोलाचं आहे, कारण माहिती आता कुणाकडे आहे ते त्यातून कळतं. कर्मणी प्रयोगात तो कर्ताच हरवला होता.

त्याच पानावर पुढे ‘एफसिंकने फाइल सुरक्षित होते’ असंही आहे. ‘सुरक्षित’ वाचून कुणाला पासवर्ड आणि परवानग्या आठवतील. ‘वीज गेली तरी मजकूर टिकतो’ असं सरळ म्हणावं. आणि फाइल नवी असेल तर तिच्या डिरेक्टरीवरही (ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्यावरही) एफसिंक करावं, हे वाक्य तिथे जोडायलाच हवं. नाहीतर मजकूर डिस्कवर असेल, पण फाइलचं नाव नसेल.