युद्धाला विरोध म्हणून भारतीय कामगारांनी कधी संप केला होता का?

होय. व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारतीय प्रतिनिधींना न विचारता सप्टेंबर 1939 मध्ये भारताला दुसऱ्या महायुद्धात ओढल्यानंतर, 2 ऑक्टोबर रोजी मुंबईतील सुमारे 90,000 कामगारांनी एक दिवसाचा युद्धविरोधी संप केला, ज्यात कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखालील लाल बावटा गिरणी कामगार युनियनचे कार्यकर्ते अग्रभागी होते. मागणी पगाराची नव्हती, म्हणूनच हा संप मला फार मोलाचा वाटतो. युद्ध साम्राज्यशाहीचे आहे आणि त्यात जगातील कामगारांचे हित नाही, अशी ती उघड राजकीय भूमिका होती. महागाई भत्त्यासाठीचा गिरण्यांचा मोठा संप 1940 मध्ये झाला. मात्र जून 1941 मध्ये हिटलरने सोव्हिएत संघावर आक्रमण केल्यानंतर कम्युनिस्टांनी याच युद्धाला ‘लोकयुद्ध’ मानले आणि त्यांच्या प्रभावाखालील संघटना युद्धकाळातील संप टाळू लागल्या.